बावीसची रेघ

मोटरसायकलच्या टायरमधली हवा सकाळी मोजावी, गाडी बाहेर काढण्याआधी, टायर गार असताना. आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त हवा भरावी. दोनच वाक्यं आहेत. तिसरीच्या मुलींना मी ती पाच मिनिटांत समजावून दिली असती. माझ्या घरातल्या दोन पुरुषांना समजायला दादाचा उजवा हात मोडावा लागला. आता माझी ऐंशी उलटली, तरी ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, वयानं राग निवतो. कुणाचा निवतो ते मला एकदा भेटून सांगावं.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. बाबांनी मिलच्या बॉयलर खात्यात तीस वर्षं काढली होती. नुकतंच त्यांना मिलनं वय झालं म्हणून घरी बसवलं होतं. दादा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होता, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. आई मी नववीत असतानाच गेली, त्यामुळे घरातली चूल माझ्याकडे होती. मॅट्रिक झाल्यावर मी गिरगावातल्याच मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. सकाळची शाळा, तिसरीचा वर्ग, पंचेचाळीस मुली. फळ्यावर पहिला खडू ओढला त्या दिवशी मला वाटलं, हे काम आता मरेपर्यंत सोडायचं नाही.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा कर्फ्यू. ट्राम निघाली तर निघाली. गोळीबारात आमच्या ओळखीच्या दोन घरांतली माणसं गेली होती. बाबांनी मला स्पष्ट सांगितलं, "दादाच्या पाठी बसान जावचा, दादाच्या पाठी बसान येवचा. नायतर नोकरी नको." घरात ते मालवणीच बोलत. म्हणजे माझी नोकरी त्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर होती. सीट गेली की नोकरी गेली. हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, म्हणूनच मी त्या गाडीकडे डोळ्यांत तेल घालून बघत असे.

गाडी लष्कराच्या लिलावातली. एका माजी फौजी ड्रायव्हरनं दादाला विकली होती. खाकी रंग, जाडजूड टाकी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची पोरं झोपेतून उठत. दादा तिच्यावरून छापखान्यातली चळवळीची पत्रकं दादर-परळपर्यंत पोचवायचा, म्हणून चाळीत तिला मान होता. गाडीबरोबर हत्यारांच्या पेटीत दोन वस्तू आल्या. एक हवा मोजायचा गेज, गोल तबकडीचा, आत काटा. आणि एक लहानसं इंग्रजी पुस्तक, तेलाच्या डागांनी भरलेलं.

पुस्तक मी वाचलं. दुसरं कोण वाचणार? त्यात लिहिलं होतं: पुढे अठरा पौंड. मागे एकट्यासाठी बावीस, दोघांसाठी अठ्ठावीस. हवा टायर गार असताना मोजावी, चालून आलेल्या गाडीची मोजू नये. मी दादाला त्याचं मराठी करून सांगितलं. दादा म्हणाला, "अगं, त्या ड्रायव्हरनं बावीस सांगितलंय. तो काय खोटं बोलेल?"

"तो एकटा चालवायचा. मागे मी बसते."

"तुझं वजन ते काय!"

चेष्टेत म्हणाला, मनात काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण चोवीस तास छापलेल्या अक्षरात बुडालेला हा माणूस, चळवळीच्या पत्रकातल्या प्रत्येक ओळीवर जीव टाकणारा, आणि बहिणीनं वाचून दाखवलेल्या छापील ओळीवर त्याचा विश्वास नाही! मी त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोणी वाढलं नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

बाबांना मात्र त्या गेजनं नवा जन्म दिला. मिल सुटल्यापासून ते गॅलरीत नुसते बसून असत, भोंगा झाला की उगाच उभे राहत आणि परत बसत. काटा बघितला आणि त्यांचे डोळे बदलले. कुणाकडून तरी लाल रंगाचं बोटभर डबडं आणलं आणि गेजच्या काचेवर बावीसच्या आकड्यावर बारीक रेघ मारली. बॉयलरच्या तबकडीवर अशीच रेघ असते. काटा रेघेच्या वर गेला की वाफ सोडायची, विचारायला कुणाकडे जायचं नाही. तीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकदाही अपघात झाला नव्हता. हे ते आठवड्यातून चारदा तरी सांगत. त्यांच्या सांगण्याला माझी काही हरकत नव्हती. अभिमानाचीच गोष्ट होती.

हरकत होती ती त्यांच्या वेळेबद्दल. माझी शाळा साडेअकराला सुटे. दादा जेवणाच्या सुट्टीत मला घेऊन घरी येई, जेवे आणि परत जाई. गिरगावपासून लालबागपर्यंत दुपारच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावरून दोघांना ओढून आणलेली गाडी. दादा ताटावर बसला की बाबा गेज घेऊन खाली. माझ्या हातात भाताची पळी, आणि खालून आवाज यायचा, सुस्स. तापलेल्या टायरातली हवा फुगलेली, काटा रेघेच्या वर गेलेला, आणि बाबा हवा सोडतायत. वर येऊन समाधानानं सांगायचे, "चार पौंड जास्त होती. सोडलंय."

मग रात्रभर टायर गार व्हायचा आणि सकाळी मी बसायचे तेव्हा त्यात असायची अठरा, सतरा. पाहिजेत अठ्ठावीस. रविवारी दादा पंपानं परत बावीस करायचा, की सोमवारी दुपारी पुन्हा सुस्स. गाडीचं ढुंगण वळणावर हलायचं, म्हशीनं चालताना हलवावं तसं. मी दादाचा खांदा धरून बसायचे आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या द्यायचे.

मी सांगितलं नाही असं नाही. दहा वेळा सांगितलं. बाबांनी एकदाच उत्तर दिलं, "माका शिकवतंस? तीस वर्सा काढलंय बॉयलरवर." दादाला म्हटलं, तू तरी सांग. तो म्हणाला, "जाऊ दे गं. त्यांना तेवढाच विरंगुळा आहे." त्याचा हा शहाणपणा मला बाबांच्या हट्टाहून जास्त लागला. बाबांना माहीत नव्हतं. ह्याला पटलं होतं, आणि हा मूग गिळून बसला होता. वडिलांचं मन राखायचं होतं ना! आणि राखायचं कुणाच्या जिवावर, तर माझ्या.

एका रविवारी मी हट्टच धरला. दादानं कंटाळून हातपंपानं मागच्या चाकात अठ्ठावीस भरली. सोमवारी सकाळी गाडी गिरगावपर्यंत अशी गेली की मला वाटलं, रस्ता नवा केलाय. वळणावर शेपूट हललं नाही. दुपारी घरी आलो, दादा ताटावर बसला, आणि खालून बाबांची आरोळी आली. काटा बत्तीसवर होता. चाळीचे चार लोक जमले. "टायर फुटलो असतो आज! पोरांका मारतंस काय रे?" असं म्हणत त्यांनी दादाला ताटावरून खाली बोलावलं आणि त्याच्या समोर, सगळ्यांच्या समोर, बावीसच्या रेघेपर्यंत हवा सोडली. दादा मान खाली घालून उभा होता. वरून मी बघत होते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात मला मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह तिरका दिसला. सरळ उभा असायचा तो एका अंगाला कलला होता. मी दादाला दाखवला. तो म्हणाला, रविवारी बघू.

रविवार यायच्या आत आम्ही पडलो. भायखळ्याच्या पुलावरून उतरताना, भर दुपारी. आधी शेपूट हललं, मग खालून एक आवाज झाला आणि मागचं चाक एकदम बसलं. गाडी आडवी घसरत गेली. माझं पातळ फाटलं, गुडघा सोलला. दादा उजव्या हातावर पडला होता, आणि तो हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. तोच हात, खिळे उचलायचा.

माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी टॅक्सी थांबवली. त्यातला एक जण दादाला उचलता उचलता म्हणाला, "बाईमाणूस एका अंगाला बसलेलं ना, तोल जाणारच."

हे वाक्य आमच्याआधी चाळीत पोचलं. कसं पोचलं देव जाणे. आम्ही परळच्या इस्पितळातून प्लास्टर घालून परत आलो तेव्हा पहिल्या मजल्यावरचे काका जिन्यातच उभे होते. हे काका चाळीची प्रभातफेरी काढायचे. मराठी माणसावरच्या अन्यायावर त्यांचं अर्धा तास भाषण ठरलेलं. ते बाबांना म्हणाले, "मी तुम्हाला आधीच सांगणार होतो. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं, सगळं वजन एका अंगाला. पोरीला मागे बसवलीत तिथंच चुकलं." म्हणजे माझं वजन हवा भरताना काहीच नव्हतं आणि गाडी पडल्यावर एवढं झालं की मोटरसायकल आडवी झाली! मी हे मोठ्यानं म्हटलं. काका म्हणाले, "बघा, कशी बोलते."

बाबा म्हणाले, "उद्यापासून शाळा बंद."

दादा तिथंच होता. त्याच्याकडे मी बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर दुखण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. आज विचार केला तर वाटतं, त्या वेळी त्याला खरंच फार दुखत असेल. पण तोंडाला तर प्लास्टर नव्हतं.

मी मुख्याध्यापिकाबाईंना चिठ्ठी पाठवली. त्यांचं उत्तर आलं, आठ दिवस थांबते, मग दुसरी बघावी लागेल. बाई वाईट नव्हत्या. पंचेचाळीस मुली काही बाईशिवाय बसवता येत नाहीत.

गाडी हातगाडीवर घालून लालबागच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली होती. मी तिथे गेले. एकटी मुलगी बघून तो आधी गोंधळला, पण माणूस सरळ होता. त्यानं ट्यूब काढून दाखवली. व्हॉल्व्ह मुळापासून उपटला होता. "हवा कम थी, बहेनजी. कम हवा में टायर रिम पर सरकता है, व्हॉल्व्ह को खींचता है. बहुत दिन से खींच रहा होगा." मी ती ट्यूब तशीच गुंडाळून घरी आणली आणि बाबांच्या पुढ्यात टाकली.

बाबांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. "पडल्यावर तुटलो असतलो," ते म्हणाले. "हवा मी बघितलंय. रेघेवर होती."

"रेघेवर होती ती दुपारी!"

"हवा ती हवा. दुपारची येगळी आनि सकाळची येगळी असता?"

माझ्याकडे पाच दिवस उरले होते. ओरडून काही होणार नव्हतं हे मला कळलं. पंक्चरवाल्यानं नवी ट्यूब घालून चाक बसवलं, गाडी परत चाळीच्या चौकात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाबांना उठवलं. "खाली चला. गेज घ्या. हवा तुम्हीच मोजा, तुम्हाला पाहिजे तेवढी." आश्चर्य वाटलं त्यांना, पण आले. अंगावर चादर घेऊन, उकिडवे बसून, त्यांनी काटा नेमका लाल रेघेवर आणला. त्यांचा हात अजून कापत नव्हता. ते काम त्यांच्याइतकं नीट करणारा दुसरा माणूस अख्ख्या गिरणगावात नसेल, हे मी रागात असतानाही बघत होते.

मग मी गाडीजवळच्या पायरीवर बसले. मुलींच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. चाळीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. पहिल्या मजल्यावरचे काका दोनदा येऊन बघून गेले. मी कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. दहाच्या सुमाराला चौकात ऊन आलं. अकराला चाकावर पडलं. एक वाजता रबराला हात लावला तर चटका बसत होता. मी बाबांना हाक मारली.

त्यांनी गेज लावला. काटा सव्वीसवर गेला.

त्यांचा अंगठा आपोआप व्हॉल्व्हकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांचा हात असा धरला होता.

"कोणी भरली?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मी सकाळपासून इथंच आहे."

"मगे?"

"बाबा, बॉयलरखाली आग असली की काटा कुठं असतो? आणि आग विझली की कुठं जातो?"

बस, एवढंच. पुढे समजवायला लागलंच नाही. दुसऱ्या कुणाला तासभर लागला असता. त्यांनी तीस वर्षं रोज सकाळी काटा चढताना बघितला होता. त्यांनी वर सूर्याकडे बघितलं, मग टायरकडे, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक दुपार जाताना मला दिसली. प्रत्येक सुस्स. मी मनगट सोडलं. ते गेज सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले, खूप वेळ, पुसायला काही नव्हतं तरी.

मी वाट बघत उभी होते. मला एकच वाक्य पाहिजे होतं. पोरी, तुझ्यामुळे गाडी पडली नाही, माझी चूक. एवढंच. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत जिना चढले आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेतली आणि एकटी खाली उतरले. बाबा शेवटच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता अडवतील. मी तयारीत होते, तोंडात वाक्य भरून. ते थोडे बाजूला सरकले, मला जायला जागा झाली. मी ट्रामनं शाळेत गेले. पंचेचाळीस मुली उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "नमस्ते बाई." नोकरी वाचली. पुढे एकतीस वर्षं केली.

दादाचं प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. हात सुधारला, पण खिळे उचलायचा पहिला वेग काही आला नाही. गाडी परत रस्त्यावर आली तेव्हा मी गेज बघितला. काचेवर अठ्ठावीसच्या आकड्यावर दुसरी लाल रेघ होती. बाबा आता सकाळी सहाला हवा मोजायचे, दुपारी खाली जायचे नाहीत. मी पुन्हा मागे बसू लागले. शेपूट हललं नाही. पहिल्या मजल्यावरचे काकाही माझ्या बसण्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना बोलायला दुसरं काही मिळालं असेल.

पण वाक्य काही आलं नाही. रेघ मारता येते आणि तोंड उघडता येत नाही, हे कसलं शौर्य? महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीनं गुलाल उधळला, पेढे वाटले, बाबा घोषणा देऊन देऊन घसा बसवून आले. मी त्यांना मीठपाणी गरम करून दिलं आणि मनात म्हटलं, राज्यासाठी एवढा घसा आहे ह्यांच्याकडे. माझं लग्न झालं, दादरला गेले, मुलं झाली. माहेरी यायचे तेव्हा बाबांशी बोलायचे, पण तुटक. ते आजारी पडले तेव्हा मी महिनाभर त्यांच्या उशाशी बसले, पेज भरवली, पाय चेपले, आणि रोज वाट बघितली. त्यांनी विचारलं, नातवाला किती मार्क पडले. सांगितलं, खिडकी लाव. एका सकाळी ते गेले. मी रडले, पण खरं सांगते, त्या रडण्यात अर्धा राग होता.

तेराव्यानंतर दादा आणि मी खोली आवरत होतो. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी तो गेज निघाला, मिलच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला. दोन लाल रेघा, एक खालची, एक वरची. मी म्हटलं, "हे बघ. मरेपर्यंत जपून ठेवलं. पण चूक झाली म्हणून एक शब्द काढला नाही तोंडातून."

दादा कपड्यांचं बोचकं बांधत होता. वर न बघता म्हणाला, "काढला की. त्याच संध्याकाळी."

"कुठल्या?"

"तू दिवसभर पायरीवर बसली होतीस ना, त्याच. खाली प्रभातफेरीची बैठक होती, चाळीतले सगळे पुरुष होते. काकांनी परत तुझ्या बसण्याचा विषय काढला. बाबा उभे राहिले. म्हणाले, पोराचो हात माझ्यामुळे मोडलो. हवा मी सोडलंय. माझ्या चेडवाचा नाव घेव नका. काकांनीच त्यांना धरून खाली बसवलं."

मी ट्रंकेच्या काठावर बसले. एकोणीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते त्या चाळीतल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. काकांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनाही असेल. ते बोललं गेलं तेव्हा मी वर, त्याच छताखाली, त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होते.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. "त्यांनी नाही, तर तू का नाही सांगितलंस?"

दादानं बोचक्याची गाठ घट्ट ओढली. उजव्या हातानं ती अजूनही नीट ओढली जात नव्हती. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, खरोखरच न कळून.

"तुला काय सांगायचं?" तो म्हणाला. "तुला तर माहीतच होतं."